गोष्ट थांबवून वाचकाशी बोलायचं असेल तर

आधी बोलणारा ठरवा: लेखक की पात्र? 'जेन एअर' या इंग्रजी कादंबरीत (1847) वाचकाला हाक मारते ती नायिका जेन, म्हणून ती हाक तिच्या आत्मकथनात मुरून जाते. 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन' या कादंबरीच्या (1969) तेराव्या प्रकरणात मात्र खुद्द निवेदक-लेखक पुढे येतो आणि हे सगळं काल्पनिक असल्याचं सांगतो. एवढा धक्का कादंबरी पचवते. दहा पानांच्या कथेत तो टाळलेला बरा.

पहिली हाक पहिल्या-दुसऱ्या पानावरच द्या, निदान अर्ध्या ओळीची. आठव्या पानावर अचानक 'तुम्ही' आलं की ती चूक वाटते.

खरी अडचण क्रियापदाची. 'तू' म्हटलंत की मराठी लगेच लिंग विचारते: 'तू हसलास' की 'हसलीस', 'वाचतोस' की 'वाचतेस'? यातून सुटायला आज्ञार्थ ('थांब'), भविष्यकाळ ('वाचशील') किंवा सकर्मक भूतकाळ ('तू पाहिलंस') वापरा. नाहीतर सरळ 'तुम्ही' घ्या. लिंग मुद्दाम ठरवायचं असेल तर तो वाचक एक पात्र होतो, आणि मग त्याला वागवावंही तसंच लागतं. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या कादंबरीत निवेदक एका वाचक बाईंना नीट वाचलं नाही म्हणून मागचं प्रकरण पुन्हा वाचायला पाठवतो! 'आपण' जपून. 'आपण खोलीत गेलो' यात लेखकही आहे, 'आपण खोलीत गेलात' यात नाही. एकाच कथेत दोन्ही आले की गोंधळ होतो. 'वाचकहो'ला जुन्या कादंबऱ्यांचा वास आहे, तो हवा असेल तरच घ्या.

थांबायची जागा? पात्र दार उघडायच्या आधी, संवादाच्या मध्ये नाही. मृत्यूनंतर लगेच तर नाहीच. तिथे लेखक बोलला की वाचकाचं रडू आटतं. तीन-चार वाक्यं पुरेत, शक्यतो वर्तमानकाळात, म्हणजे भूतकाळातल्या गोष्टीपासून ती आपोआप वेगळी पडतात. गोष्टीत परतताना, थांबताना सोडलेली वस्तू पहिल्याच वाक्यात पुन्हा हातात द्या: कडी, कप, पत्र.

'तुम्हाला आता वाईट वाटलं असेल' असलं काही लिहू नका. वाटलं असेल तर सांगायची गरज नाही, आणि नसेल तर वाचक चिडतो. 'ते पुढे सांगेन' असं जिथे लिहिलंय तिथे समासात खूण करा. शेवटच्या खर्ड्यात एकेक खूण तपासा आणि ज्याचं उत्तर कथेत आलेलं नाही, ते वाक्य काढून टाका.