जुने पोलीस बिल्ले जमवताय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

बिल्ला हातात आला की लगेच घासायला घेऊ नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, पॉलिश, काहीच नको. पितळेवरचा तो काळपट थर तयार व्हायला वर्षं जातात आणि एकदा गेला की परत येत नाही, वर बारीक अक्षरं झिजतात ती वेगळीच. धूळ मऊ ब्रशने काढा, फारच मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि लगेच पूर्ण कोरडं करणं, बस. खाडीकाठच्या हवेत हिरवे डाग पडतातच, ते लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढायचे आणि डबीत सिलिका जेल ठेवायचं. पीव्हीसीची पाकिटं अजिबात वापरू नका, त्यातून निघणारं आम्ल धातू खातं.

पण मला जास्त सलते ती चूक दुसरीच, नुसतं नाव वाचून जागा ठरवायची. पनवेल-उरणकडच्या एखाद्या जुन्या घरातून बक्कल, म्हणजे शिपायाच्या नंबराचा बिल्ला, निघतं, त्यावर इंग्रजीत कुलाबा लिहिलेलं असतं, आणि लोक सरळ "मुंबईचा कुलाबा" म्हणून मोकळे होतात! अहो, कुलाबा हा अख्खा जिल्हा होता, १८६९ ला स्वतंत्र झालेला, पनवेल आणि उरण १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते मग तिकडे गेले, आणि १९८१ ला त्याच जिल्ह्याचं नाव रायगड झालं. बेलापूर, तुर्भे, वाशी मात्र ठाणे जिल्ह्यातलीच गावं. म्हणजे आजच्या नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत जुना माल दोन जिल्ह्यांचा सापडतो, कारण हे आयुक्तालयच मुळात १९९४ चं. ठाणे आयुक्तालयसुद्धा १९८१ चं, त्याआधी ठाणे शहरातही जिल्हा पोलीसच होते. त्यामुळे कोणी "ठाणे आयुक्तालय, साठच्या दशकातला पीस" म्हणून दाखवला तर तिथेच थांबा.

बिल्ल्यावरचा ब्रिटिश मुकुट आणि सिंह यांचंही तसंच. २६ जानेवारी १९५० ला अशोकस्तंभाचे सिंह राजमुद्रा म्हणून आले, मुकुटाचा काळ तिथे संपला. महाराष्ट्र १ मे १९६० चा, त्यामुळे मुकुटाखाली "महाराष्ट्र पोलीस" असेल तर तो बिल्ला बनावटच, त्यात चर्चेला जागाच नाही. उलट सिंहाखाली इंग्रजीत बॉम्बे दिसलं म्हणून लगेच जुन्या मुंबई राज्याचा, १९५० ते ६० चा असंही धरू नका, शहराचं इंग्रजी नाव १९९५ पर्यंत तेच होतं. आधी तो बिल्ला शहर पोलिसांचा की राज्याचा ते बघा.

बनावट माल हाताला कळतो. अस्सल, ठशाने दाबून काढलेल्या पातळ बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीचा खड्डा उमटलेला असतो, कडा धारदार असतात. जुन्यावरून साचा घेऊन ओतलेल्या कॉपीची अक्षरं गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, आणि मागच्या कड्या नव्याने सोल्डर केलेल्या. चोर बाजारात घ्यायचा असेल तर आधी उलटा करून बघा, किंमत नंतर विचारा.

अजून एक, खाकीवरचं सगळंच पोलिसांचं नसतं. रेल्वेचे वॉच अँड वॉर्डचे बिल्ले पोलिसांचे म्हणून विकले जातात, ते रेल्वेचे स्वतःचे रखवालदार होते, १९५७ च्या कायद्याने त्याचं आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल झालं. लोहमार्ग पोलीस वेगळे, ते राज्याचे. होमगार्ड ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईत सुरू झालं, तेही वेगळं. ठाण्याच्या किल्ल्यातलं जेल म्हणजे तुरुंग खातं.

गोष्टीला पैसे देऊ नका. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह उरण तालुक्यातला, आणि कुलाब्याचं कुठलंही बक्कल दिसलं की विकणारा तीच हकीकत चिकटवतो. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेलीत, पुरावा नसताना ते नाव वापरणं मला चुकीचंच वाटतं. पोस्टिंगचा कागद, सर्व्हिस शीट, ग्रुप फोटो असं काही हातात असेल तरच नोंद करा.

कायद्याचं थोडक्यात: चालू वापरातले बिल्ले घेऊ नका आणि जुनासुद्धा अंगावर लावून मिरवू नका, फसवणुकीच्या हेतूने असं चिन्ह बाळगलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २०५ लागू होतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परदेशी ग्राहकाला कुरिअर करण्याच्या भानगडीत पडूच नका, १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो.

आणि बक्कल नंबरावरून माणूस सापडत नाही म्हणून वैतागू नका. नंबर त्या त्या घटकापुरता, म्हणजे जिल्हा किंवा आयुक्तालयापुरता असतो, तोच नंबर ठाण्यातही असेल आणि कुलाब्यातही, शिवाय माणूस गेला की पुढच्याला मिळू शकतो. त्यापेक्षा ज्या घरातून बिल्ला आला तिथल्या काकांना, आजींना तेव्हाच विचारा, कुठल्या चौकीला होते, लाईनीत कुठे राहायचे, कुठल्या साली रिटायर झाले, आणि ते त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून बिल्ल्यासोबत ठेवा.