कॅलिफोर्नियात गॅरेज आहे आणि ब्युरोचं ॲक्युझेशन आलंय? आधी तारीख बघा

ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर, म्हणजे गॅरेजांचं रजिस्ट्रेशन बघणारं राज्याचं खातं, त्यांचं ॲक्युझेशनचं (तुमच्यावरच्या लेखी आरोपांचं) जाड पाकीट आलं की मालक लोक ते बाजूला ठेवतात, कामाचा लोड कमी झाला की बघू म्हणून, आणि केस तिथेच हातची जाते. ॲक्युझेशनसोबत नोटीस ऑफ डिफेन्स नावाचा फॉर्म असतो, तो १५ दिवसांत परत पाठवायचा, आणि हे १५ दिवस तुम्ही पाकीट उघडल्यापासून नाही तर कागद बजावले गेल्यापासून धरतात. सविस्तर उत्तर लगेच द्यायची गरज नाही, सुनावणी पाहिजे एवढं कळवलं तरी पुरतं. नाही पाठवला तर डिफॉल्ट निर्णय, म्हणजे तुमचं काही न ऐकता रजिस्ट्रेशन रद्दही होऊ शकतं. शॉप हलवलं असेल तर ब्युरोकडचा पत्ता आजच बदला, कारण कागद त्याच पत्त्यावर जातात.

मग डिस्कव्हरी, म्हणजे ब्युरोकडचा पुरावा मागून घेणं. ॲक्युझेशन बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी केली की त्यांचे रिपोर्ट, साक्षीदारांची नावं, स्टेटमेंट मिळतात. बऱ्याच केसेसमध्ये ब्युरोनेच आधी तपासून, फोटो काढून ठेवलेली गाडी साध्या कस्टमरसारखी आणलेली असते, त्यामुळे "पार्ट बदलला होता" असं नुसतं तोंडी म्हणून भागत नाही.

आता स्वतःची फाइल काढा. लेखी एस्टिमेट, काम सुरू करण्याआधीची कस्टमरची परवानगी, इनव्हॉइस, हे सगळं ३ वर्षं ठेवायचंच असतं. सगळ्यात जास्त घोळ फोनवर घेतलेल्या परवानगीत होतो: तारीख, वेळ, कोण हो म्हणालं, कुठल्या नंबरवर, हे लिहिलेलं लागतं. नसेल तर नाही म्हणा, पण मागची तारीख टाकून कागद बनवू नका प्लीज, साध्या चुकीची केस फसवणुकीची होते.

सेटलमेंटची ऑफर आली तर नीट वाचा. सस्पेंशन स्थगित ठेवून प्रोबेशन (अटी पाळत देखरेखीखाली काम) मिळत असेल तर शॉप चालू राहतं, आणि माझ्या मते पुरावा कच्चा असेल तर तेच घ्यावं, कारण हरलात तर तपासाचा वाजवी खर्चही तुमच्यावर लावता येतो.

सुनावणी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जजसमोर होते, जज प्रस्तावित निर्णय देतात, शेवटचा शब्द डिपार्टमेंट ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या डायरेक्टरचा. सगळा पुरावा इथेच द्या, पुढे कोर्ट मुख्यतः हाच रेकॉर्ड बघतं.

निकाल विरोधात गेला तर रिकन्सिडरेशन, म्हणजे डायरेक्टरकडे फेरविचार मागता येतो, पण निकाल लागू व्हायच्या आत, तेही लवकर, कारण ती तारीख उलटली की डायरेक्टरचा अधिकारच संपतो. त्यानंतर सुपिरिअर कोर्टात रिट ऑफ मँडेट, म्हणजे कोर्टाने हा निकाल तपासावा असा अर्ज, त्याला साधारण आणखी ३० दिवस. रिट टाकली म्हणून सस्पेंशन आपोआप थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो, आणि वारंवार जाणूनबुजून नियम मोडल्याचं सिद्ध झालं तर तुमची बाकीची शॉप्सही त्यात येऊ शकतात, म्हणून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ करणारा वकील नोटीस ऑफ डिफेन्सच्या वेळीच गाठा.