एटीआर-७२ वर धोकादायक बर्फ वेळेत कसा ओळखायचा

एटीआर-७२ हे पंख्यांच्या इंजिनांचं प्रवासी विमान. ढगात किंवा पावसात असताना टीएटी (टोटल एअर टेंपरेचर, उडत्या विमानावर मोजलेलं हवेचं तापमान) ७ अंश सेल्सियस वा त्याखाली असेल, तर बर्फ धरणार असंच धरून चाला. टीएटीमध्ये वेगामुळे तापलेल्या हवेचे अंशही मोजले जातात. खरा हवाई वेग २०० नॉट असेल तर साधारण पाच. म्हणजे काट्यावर अधिक ४ दिसतं तेव्हा बाहेर उणे १ असतं.

पहिली नजर कॅप्टनच्या बाजूच्या खिडकीबाहेरच्या आइसिंग एव्हिडन्स प्रोबवर (बर्फ धरतोय का हे नजरेला दाखवणारा बाहेर आलेला छोटा भाग). तिचा आकारच असा आहे की इतर भाग मोकळे झाले तरी तिच्यावरचा बर्फ टिकून राहतो. रात्री तिला स्वतःचा दिवा आहे.

डाव्या पंखाखालचा डिटेक्टर वेगळा. त्यातली दांडी कंप पावत असते. बर्फ बसला की वजनाने कंपनं मंदावतात आणि कॉकपिटमध्ये पिवळा दिवा लागतो. मग दांडी स्वतःला तापवून बर्फ झटकते आणि पुन्हा मोजायला लागते. पण तापमान शून्याला चिकटून असेल तर पाणी तिच्यावर पूर्ण गोठायच्या आत वाहून जातं आणि दिवा उशिरा लागतो. म्हणून दिव्याची वाट बघत बसू नये.

खरी भीती मोठ्या अतिशीत थेंबांची, म्हणजे शून्याखाली असूनही न गोठलेल्या. नेहमीचे बारीक थेंब पंखाच्या पुढच्या कडेलाच गोठतात आणि तिथले हवेने फुगणारे रबरी पट्टे, म्हणजे बूट, फुगले की तो थर फुटून उडतो. मोठा थेंब आदळल्यावर मागे ओघळतो आणि बूट संपतो त्याच्या पलीकडे गोठतो. तिथे बर्फाची आडवी वरंबी तयार होते आणि बूट कितीही फुगले तरी ती हलत नाही. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत इंडियानातल्या रोजलॉनजवळ पडलेल्या एटीआर-७२ चं हेच झालं. विमान फ्लॅप (पंखामागच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्या) १५ अंशांवर ठेवून घिरट्या घालत होतं. फ्लॅप आत घेतल्यावर नाक वर गेलं, वरंबीमागचा हवेचा प्रवाह पंखापासून सुटला आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलंडवणारे पंखांवरचे भाग) आपोआप खेचले गेले. ६८ जण गेले.

सगळ्यात भरवशाची खूण बाजूच्या खिडकीवर दिसते. काचेचा न तापवलेला भाग बर्फाने बराचसा झाकला गेला, तर ते सिव्हिअर आइसिंगच, म्हणजे तीव्र बर्फ. दुसरी खूण वेग किंवा चढण्याचा दर विनाकारण घसरणं. नव्या विमानांत ‘क्रूझ स्पीड लो’, ‘डिग्रेडेड परफ’ हे इशारे येतात, पण टॉर्क (इंजिन पंख्याला देतं ती ताकद) तोच असताना वेग कमी होतोय हे त्याआधीच काट्यावर दिसतं. शून्याच्या आसपास विंडशील्डवर पाणी फुटून ओघळणं, स्पिनरवर (पंख्याच्या मधल्या टोपीवर) नेहमीपेक्षा मागेपर्यंत बर्फ, पंखाच्या खालच्या बाजूला बूटांमागे बर्फ, हेही बघा.

यातलं काही दिसलं की आधी कंट्रोल घट्ट धरा, मगच ऑटोपायलट काढा. तो बिघडलेला तोल गुपचूप सांभाळत असतो, सुटताना हिसका बसतो. रेड बग (वेगाच्या काट्यावरची बर्फातल्या किमान वेगाची लाल खूण) १० नॉटने वाढवा, एमसीटी (इंजिनची सलग वापरता येणारी कमाल ताकद) घ्या, तिथून बाहेर पडा, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) कळवा. फ्लॅप बाहेर असतील तर विमान स्वच्छ होईपर्यंत आत घेऊ नका.

ढग संपला तरी आइसिंगसाठी ठरवलेले जास्तीचे वेग लगेच सोडू नका. प्रोब पूर्ण स्वच्छ दिसली, की मग.