‘हबीबी’ कसा पाहावा

सुसान यूसुफ यांचा ‘हबीबी’ हा २०११ सालचा, लैला-मजनूची कथा गाझा पट्टीत आणणारा स्वतंत्र अरबी चित्रपट आहे. तो नुसता एक करुण प्रेमकथा म्हणून पाहिला, तर बराचसा हातून निसटतो. म्हणून थोडी पूर्वतयारी करून बसावे.

पहिली तयारी मूळ कथेची. मराठीत लैला-मजनू ही जोडी आता प्रेमवेड्यांना चिडवण्यापुरती उरली आहे, त्यामुळे त्या कथेत नेमके काय चुकले होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. परंपरेनुसार सातव्या शतकातील बनू आमिर टोळीचा कवी कैस, म्हणजेच पुढे मजनू म्हणून ओळखला गेलेला प्रियकर, याने लैलाचे नाव घेऊन कविता रचल्या आणि त्या चारचौघांच्या तोंडी झाल्या. ज्याच्या काव्याने मुलीचा बोभाटा केला, त्यालाच ती देणे म्हणजे त्या बोभाट्याला दुजोरा देणे, असे मानून तिच्या वडिलांनी लग्न नाकारले. म्हणजे आक्षेप प्रेमापेक्षा ते उघड बोलण्याला अधिक होता. ‘हबीबी’तील कैस गाझातील खान युनिस शहराच्या भिंतींवर काव्यपंक्ती लिहितो, ते पाहताना ही गोष्ट ध्यानात असावी. त्याला ती लैलाशी बोलण्याची वाट वाटते, आणि तीच तिच्या घरचे दार आणखी घट्ट लावते. इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात गाझातील भिंती राजकीय घोषणांनी भरलेल्या असत; त्या घोषणांशेजारी प्रेमकाव्य कसे दिसते, याकडे जरूर लक्ष द्यावे.

मग नकाशा उघडावा. कथा २००१ सालची आहे, म्हणजे दुसरा इंतिफादा सुरू होऊन फार दिवस झालेले नाहीत. कैस आणि लैला पश्चिम किनारा (वेस्ट बँक) या पॅलेस्टिनी प्रदेशात विद्यापीठात शिकत असतात आणि त्यांना गाझाला परतावे लागते. पश्चिम किनारा आणि गाझा यांच्यामध्ये इस्रायलचा प्रदेश असल्याने ये-जा परवान्यावर अवलंबून असते. जेमतेम ४१ किलोमीटर लांबीच्या गाझा पट्टीतही त्या काळी इस्रायली वसाहती व लष्करी चौक्या होत्या. विद्यापीठातला मोकळेपणा परवान्याबरोबर संपतो आणि घरी येताच दोघांना लग्नावाचून एकत्र येणे अशक्य होते. त्यामुळे खलनायक वडील की चौकी, असा निवाडा घाईने करू नये. माझ्या मते ही दोन कुंपणे एकमेकांत अशी गुंतलेली आहेत, हेच या चित्रपटाचे खरे बळ आहे.

भाषांतराच्या ओळी वाचताना कानही उघडे ठेवावेत. अरबी बोलण्यात निषिद्ध गोष्टीसाठी प्रामुख्याने तीन शब्द येतात: धर्माने निषिद्ध ते ‘हराम’, कायद्याने किंवा सत्तेने बंद ते ‘ममनूअ’, आणि लोकलाजेला न शोभणारे ते ‘ऐब’. मराठी माणसाला हे तिन्ही फारसे परके नाहीत. हराम आणि ऐब तर आपण वापरतोच, आणि आपली ‘मनाई’ ही ‘ममनूअ’च्याच धातूतून आलेली आहे. अरबी प्रेमकथा पाहताना कोणता शब्द कोणाच्या तोंडी येतो, हे टिपले, की बंदी कोणाची आहे ते कळू लागते. ‘हबीबी’ म्हणजे ‘माझ्या प्रिया’. हे रूप व्याकरणाने पुल्लिंगी आहे, तरी अरबी गाण्यांत स्त्रीलाही सर्रास हबीबीच म्हणतात.

जोडीला महमूद सब्बाग यांचा ‘बरका मीट्स बरका’ (२०१६) पाहावा, पण तो नंतर. जेद्दाहमध्ये घडणाऱ्या या विनोदी चित्रपटात नगरपालिकेचा एक निरीक्षक आणि समाजमाध्यमांवर गाजलेली एक तरुणी भेटू पाहतात, आणि त्यांची सारी शक्ती भेटायला जागा शोधण्यात खर्च होते. सौदी अरेबियात तेव्हा सार्वजनिक चित्रपटगृहेच नव्हती. ती २०१८ मध्ये पुन्हा उघडली. पडद्यावर काही वस्तू चौकोनी ठिपक्यांनी झाकलेल्या दिसतील. ती प्रत खराब आहे असे समजून बंद करू नये. तो दिग्दर्शकाचाच विनोद आहे.