सोसायटीत मिळून मातीचा किल्ला कसा करावा

दिवाळी जवळ आली की पुण्यात रस्त्याकडेला प्लास्टरचे तयार किल्ले मांडलेले दिसतात. आणून गॅलरीत ठेवला की झालं, आणि भाऊबीज उरकली की तो माळ्यावर. त्यापेक्षा सोसायटीत सगळ्यांनी मिळून एकच मातीचा किल्ला करावा. वर्गणी काढू नका. ग्रुपवर निरोप टाकताना ‘घरात असेल तेच आणा, विकत आणून देऊ नका’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर एक जण लाइटच्या माळा मागवतो, दुसरा कारंजं, आणि मुलं नुसती बघत उभी राहतात.

आधी किल्ला ठरवा. पहिल्यांदाच करत असाल तर सिंहगड बरा. एखाद्या रविवारी सगळ्यांनी जाऊन पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा, तानाजी कडा बघून यावं. मुलांना कागदावर ढोबळ नकाशा काढायला सांगावा. राजगड दिसतो देखणा, पण सुवेळा, संजीवनी, पद्मावती या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला मांडायला जागा भरपूर लागते.

पाच बाय चार फुटांच्या, अडीच फूट उंच किल्ल्याला साधारण पन्नास-साठ जुन्या विटा, पाच-सहा गोणपाटं आणि आठ-दहा घमेली माती पुरते. माती सोसायटीच्या बागेतली किंवा जुन्या कुंड्यांमधली घ्या. टेकडीवर कुदळ घेऊन जायचं नाही, ती बहुतेक वनखात्याची जागा असते. नुसती काळी माती वाळताना आकसते आणि तडकते, तर नुसती लाल माती धरून राहत नाही. दोन घमेली लाल मातीला एक घमेलं काळी आणि दोन-तीन मुठी भुसा घाला.

खाली जाड प्लास्टिक अंथरा. त्यावर विटा रचून डोंगराचा सांगाडा उभा करा, मध्ये पोकळ जागा राहिली तरी चालेल. गोणपाटं पातळ चिखलात बुडवून त्यावर टाका आणि हातानेच चुण्या पाडा; कडे आणि घळी या चुण्यांमधूनच तयार होतात. इस्त्री केल्यासारखं ताणून बसवलं तर डोंगराऐवजी तंबू दिसतो. मग बोटभर जाडीचा चिखल थापा. तटबंदी आणि बुरूज त्याच दिवशी, माती ओली असतानाच करायचे. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या मातीवर लावलेला बुरूज हमखास सुटून पडतो.

खरं कसब अळिवात आहे. शंभर ग्रॅम पुरतात. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी, संध्याकाळी, ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरवा. भिजवून घेतले तर बुळबुळीत होऊन गोळे पडतात. ओलं फडकं झाका आणि मोड दिसले की लगेच काढा. पाणी फवाऱ्याच्या बाटलीनेच द्यायचं, सकाळ-संध्याकाळ. तांब्याने ओतलं की बी वाहून खाली जातं. पायथ्याला गच्च हिरवळ आणि माथा टकला. ऑक्टोबरच्या उन्हात कोवळे मोड करपतात, म्हणून दुपारी सावली हवी. कायम अंधाऱ्या पार्किंगमध्ये मात्र ते पिवळे आणि लांबुडके होतात. परतीच्या पावसासाठी ताडपत्री जवळ असू द्या.

मातीची चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, आधी घराघरांतून गोळा करा. राजे सगळ्यांकडे निघतात. गवळण, भाजीवाली, तोफवाला कमी पडतात. तेवढेच कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणा. मोठी चित्रं पायथ्याशी, लहान माथ्यावर ठेवा, म्हणजे किल्ला आहे त्यापेक्षा उंच भासतो. महाराज आकाराने मोठे असले तरी वरच बसणार, तिथे हा नियम लावायला जाऊ नका! पणत्या गोणपाटापासून हातभर लांब.

शेवटी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावायची काही मुलांना हौस असते. विटांचे तुकडे उडतात, त्यामुळे ती पुरवू नये. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवून मग उतरवा. माती अळिवासकट कुंड्यांत जाते, विटा पुन्हा टाकीमागे, गोणपाटं धुऊन वाळत. चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरा आणि डबा कोणाकडे राहणार ते तिथल्या तिथे ठरवा, नाहीतर पुढच्या दिवाळीत तो शोधण्यातच दोन दिवस जातात.