लॅपटॉपची बिजागरी जड झाली? तेल घालण्याआधी या चुका टाळा

दाराची बिजागरी कुरकुरली की दोन थेंब तेल सोडतो, मग लॅपटॉपला का नाही? कारण दाराची बिजागरी सहज फिरावी म्हणून बनवतात आणि लॅपटॉपची अडावी म्हणून. तिच्या आसावर स्टीलचे वायसर एकावर एक बसवलेले असतात आणि टोकाचा नट त्यांना करकचून दाबून धरतो. या घर्षणामुळेच स्क्रीन हव्या त्या कोनात थांबते. काही बिजागऱ्यांत वायसरऐवजी आसाला आवळून बसलेली पत्र्याची पट्टी असते. वंगणाने हे घर्षण घालवायचं नाही. ते एकसारखं राहावं आणि धातूने धातू खरवडू नये, एवढंच त्याचं काम.

पहिली चूक: काय बिघडलंय ते न पाहणं

झाकण अगदी हळू उघडा आणि नजर बिजागरीच्या कोपऱ्यावर ठेवा. स्क्रीनची चौकट आणि मागचं कव्हर यांच्यात फट पडते का? कीबोर्डचा कोपरा वर उचलला जातो का? 'कट्' असा आवाज येतो का? यातलं एक जरी दिसलं, तर ज्या प्लास्टिकच्या खुंट्यांत बिजागरीच्या स्क्रूसाठी पितळी आटे बसवलेले असतात, त्या बहुधा तुटल्या आहेत. मग झाकणाची उघडझाप तिथेच थांबवा. वंगणाने खुंटी जुळत नाही. उलट तेल तुटलेल्या जागी झिरपलं, तर नंतर इपॉक्सी हा पक्का गोंदही धरत नाही.

पण नुसती खुंटी चिकटवणं हीसुद्धा अर्धी दुरुस्ती आहे. खुंटी तुटते ती बहुतेक वेळा बिजागरी जड झाल्यामुळेच. झाकणाला लावलेला जोर आसात न जिरता प्लास्टिकवर येतो. बिजागरी तशीच ठेवून चिकटवलेलं पुन्हा उखडणार. आणि चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सीच वापरा. झटपट चिकटणारा सुपरग्लू ठिसूळ असतो, असा ताण सोसत नाही.

चुकीचं वंगण

डब्ल्यूडी-४० हा सगळ्यांच्या हाताशी असतो, म्हणून नुकसानही त्यानेच जास्त होतं. नावातले 'डब्ल्यूडी' म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्यातल्या या फवाऱ्यात द्रावक असतं. ते आतलं जाड ग्रीस विरघळवून बाहेर काढतं, उडून जातं आणि मागे पातळ थर उरतो. चार दिवस बिजागरी हलकी वाटते, मग पहिल्यापेक्षा जड होते. शिवाय ताणाखालच्या प्लास्टिकवर द्रावक बसलं तर बारीक तडे जाऊ शकतात.

शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, जागेवर राहत नाही. ते पसरत स्क्रीनच्या थरांत शिरलं, तर पडलेला डाग पुसता येत नाही. वनस्पती तेल हवेने चिकट होऊन गोंदासारखं बसतं. ग्रॅफाइटची पूड तर लॅपटॉपजवळ आणूच नका, कारण तिच्यातून वीज वाहते.

घ्यायचं ते कृत्रिम तेलावर आधारलेलं, पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) असलेलं, एनएलजीआय २ जाडीचं ग्रीस. एनएलजीआय ही ग्रीसची जाडी सांगणारी श्रेणी आहे. ट्यूबवर 'प्लास्टिकला सुरक्षित' असं लिहिलेलं हवं.

न उघडता फटीतून सोडणं

बाहेरून टाकलेलं ग्रीस वायसरांपर्यंत पोहोचत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, खालचं कव्हर उघडा आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. स्क्रीनची केबल आणि वायफायच्या तारा बिजागरीला लागूनच जातात, त्यांचा फोटो काढून ठेवा. स्क्रू कागदावर ज्या त्या जागी मांडा. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला तर तो वरच्या कव्हरला फोडून बाहेर येतो.

बिजागरी सुटी झाली की जुनं काळं ग्रीस धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून वाळू द्या. काडीच्या टोकाने टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस वायसरांच्या कडेला लावा. बिजागरी पूर्ण कोनात १५-२० वेळा फिरवा आणि बाहेर आलेलं सगळं पुसून काढा. जास्त ग्रीस म्हणजे जास्त फायदा नाही. ते केबलवर उतरतं आणि धूळ धरतं.

तरीही जड असेल तर नटाकडे वळा. आधी नटावर आणि आसावर मार्करने एक सरळ रेघ मारा. मग एका वेळी फक्त १/८ फेरा, म्हणजे ४५ अंश, सैल करा आणि फिरवून पाहा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर स्क्रीन पिळवटते. नट ठोकून बंद केलेला असेल किंवा नटच नसेल, तर जबरदस्ती करू नका.

आसावर खोल ओरखडे असतील किंवा धातूची चमकती पूड पडत असेल, तर वंगणाचा उपयोग नाही. ती पूड ब्रशने पूर्ण काढा, मदरबोर्डवर पडली तर शॉर्ट होऊ शकते. मग डाव्या-उजव्या बिजागऱ्यांची जोडीच बदला.

जोडणी झाल्यावर झाकण कोपऱ्याला धरून नव्हे, वरच्या कडेच्या मध्यावर धरून उघडा. ४५, ९० आणि १२० अंशांवर सोडून पाहा. स्क्रीन तिथेच थांबायला हवी. आपोआप खाली येत असेल तर नट १/८ फेरा परत आवळा.