जुन्या फोर बाय फोरची घरघर: हाउसिंग उघडण्याआधी

माझी पहिली फोर बाय फोर म्हणजे तिसऱ्या मालकाकडून घेतलेली उघड्या टपाची जीप. घरी आणतानाच लक्षात आलं, काटा पन्नासच्या पुढे गेला की खालून घरघर येते. गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि सांगून टाकलं, "मागचं क्राऊन-पिनियन गेलंय." म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या लोखंडी कवचातली, हाउसिंगमधली, शाफ्टची फिरत चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी. बदललं. महिन्याचा पगार त्यात गेला. सातारा-मेढा रस्त्याला गाडी काढली, काटा पन्नासवर गेला आणि तीच घरघर, त्याच सुरात. ते जुनं क्राऊन आज आमच्या मागच्या दाराला टेकण म्हणून आहे. त्याच्या दातांना काहीही झालेलं नाही.

दोष निघाला पुढच्या हाउसिंगच्या पिनियन बेरिंगमध्ये. आता तुम्ही म्हणाल, गाडी टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, चालत होती, मग पुढचं हाउसिंग कशाला ओरडेल? कारण पुढचे दोन्ही हब (चाकाच्या मधोमध असलेले, चाक ॲक्सलला जोडणारे-सोडवणारे भाग) लॉक होते आणि आधीच्या मालकाने ते बहुधा कधी फ्री केलेच नव्हते. हब लॉक असले की फोरचा दांडा टाकलेला नसला तरी चाकं पुढचे ॲक्सल, क्राऊन-पिनियन, प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत फिरत नेणारा लांब दांडा) सगळं फिरवत राहतात. हबवरची चकती हाताने फ्रीवर आणायची, तशीच दुसऱ्या बाजूची, आणि पुन्हा त्याच रस्त्याने जायचं. आवाज गेला तर दोष पुढे. पाना लागत नाही, पैसाही लागत नाही. मला हे आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितोय.

चासीमधून आवाज कुठल्या कुठे पोचतो, त्यामुळे तो कुठून येतोय यावर कानाचा भरवसा ठेवू नका. तो कधी बदलतो ते बघा. सुरुवात टायरपासून करा. मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे मड टायर डांबरावर गुणगुणतातच आणि नवखा माणूस त्यालाच हाउसिंग समजतो. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला, पण ॲक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याने काहीच फरक पडला नाही, तर संशय टायरवर घ्या. उलट ॲक्सिलरेटरवर पाय असताना एक सूर आणि पाय काढताच दुसरा, असं असेल तर क्राऊन-पिनियनकडे वळा. चाकाचं बेरिंग वळणावर सापडतं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. घरघर तेव्हा वाढली तर बहुधा डाव्या बाजूचं.

गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला, तरी आवाज, आणि क्लच दाबला की बंद: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेरिंग बघा. दाबल्यावरच येत असेल तर क्लच रिलीज बेरिंग.

टकटक असेल तर मोजा. साधारण 28 इंची टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास येतो. म्हणजे ताशी 20 किलोमीटरला चाक सेकंदाला अडीच फेऱ्या घेतं. तेवढ्याच संथ ठेक्यात टक, टक वाजत असेल तर कारण चाकाबरोबर फिरणारं आहे: ब्रेक ड्रम, ॲक्सल, कधी नुसता टायरमध्ये रुतलेला दगड. प्रोपेलर शाफ्ट मात्र अशा जीपमध्ये चाकाच्या चार-पाचपट वेगाने फिरतो. तिथला आवाज मोजता येत नाही, तर्रर्र असा सलग येतो.

शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला जोड म्हणजे क्रॉस. त्याचं दुखणं ओळखायला सोपं. कोरडा पडलेला क्रॉस हळू वेगात चिमणीसारखा चिवचिवतो. झिजलेला क्रॉस रिव्हर्समधून पहिल्यात घेताना "खट्ट" करतो. गाडीखाली जाऊन क्रॉसच्या टोपीभोवती बघा. तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया गंजून दळल्या गेल्यात. शाफ्टला हात लावण्याआधी चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा, कारण काही जुन्या जीपांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवरच काम करतो. मागचा शाफ्ट सोडला की तो ब्रेक नावापुरता उरतो. एकदा माझी गाडी शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत घरंगळत गेली होती, यापेक्षा जास्त सांगत नाही.

एका आवाजाला मात्र घाबरू नका. कोरड्या डांबरावर फोरमध्ये वळवलं की गाडी आखडते, टायर उड्या मारतात, खालून कडकड येते. पार्ट-टाइम फोर बाय फोरला, म्हणजे दांडा टाकला तरच चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला, पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते मिळत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. थोडं सरळ मागे घ्या, दांडा टूमध्ये सरकेल. पण असं चालवत राहिलात तर खरोखरच काहीतरी मोडेल.

गाडी अजून घेतली नसेल तर मालकाला विचारून दोन्ही हाउसिंगचे भरणीचे बोल्ट खोला आणि करंगळी आत घाला. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, गाडी बहुधा कुठल्यातरी ओढ्यात पोटापर्यंत उतरलेली आहे. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी चिकट साय चालते. चिमटीत टोचणारे कण सापडले तर भाव खरेदीचा नाही, दुरुस्तीचा धरून बोला.